टार्गेट किती जणांचं पूर्ण झालं, तेवढं विचारा

नमस्कार मंडळी. आज सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंटरव्ह्यूबद्दल बोलायचंय. असं म्हटलं की सगळ्यांना लगेच कोडिंग आठवतं, पण मी बोलतेय ते सॉफ्टवेअर विकणाऱ्यांबद्दल. कॉमर्स केलेली, बीएस्सी केलेली, कुठेतरी विमा नाहीतर औषधं विकून आलेली शेकडो पोरंपोरी आज बाणेर, खराडी, हिंजवडीत या इंटरव्ह्यूंना जातात, आणि त्यांना आधी कोणी काही सांगितलेलंच नसतं.

मीसुद्धा तशीच गेले होते. सहा वर्षं सातारा-कराड पट्ट्यात एमआर होते, डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसायचं, दोन मिनिटं मिळाली की घडाघडा बोलून मोकळं व्हायचं, त्यामुळे वाटलं की बोलणं तर आपल्या हातचा मळ आहे. बाणेरला एका कंपनीत तिसऱ्या राउंडला मॅनेजर म्हणाले, आता मॉक कॉल करूया, मी एका हॉस्पिटलचा परचेस हेड, मला आमचं बिलिंग सॉफ्टवेअर विका. आणि त्यांनी खुर्ची फिरवून माझ्याकडे चक्क पाठ केली. म्हणाले, फोनवर तोंड दिसत नाही ना. मी सुरू झाले, फीचर सांगितले, डिस्काउंट सांगितला, मध्ये श्वाससुद्धा घेतला नसेल, आणि दोन मिनिटांनी पलीकडून एवढंच आलं, "बरं, मेल करून ठेवा." संपला कॉल. खुर्ची परत फिरवून त्यांनी विचारलं, "आमच्याकडे आत्ता बिलं कशात होतात हे विचारलंत का तुम्ही?"

नव्हतं विचारलं. एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता मी. नोकरी नाही मिळाली, पण ते वाक्य मिळालं, आणि खरं सांगते, का नाकारलं हे तोंडावर सांगणारा माणूस मला नंतर क्वचितच भेटला. बाकी ठिकाणी पाच-पाच राउंड होतात, एचआरचा फोन, मॅनेजर, मॉक कॉल, असाइनमेंट, मग फाउंडर, आणि मग एकदम शांतता, मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. घरी आई रोज विचारते काय झालं गं, आणि आपल्याकडे सांगायला काही नसतं. एक ओळीचा नकार पाठवायला कितीसा वेळ लागतो हो?

त्या असाइनमेंटबद्दल मला फार मनापासून बोलायचंय. आमच्या ओळखीतला लातूरचा एक मुलगा, त्याला सांगितलं पन्नास कंपन्यांची यादी करून आणा, प्रत्येक ठिकाणी निर्णय कोण घेतं त्याचं नाव, हुद्दा, नंबर, आणि प्रत्येकासाठी वेगळा मेल लिहून आणा. दिवाळीचे चार दिवस तो पोरगा लॅपटॉपसमोर बसला, पाडव्याला जेवायला उठला तेवढंच. पाठवलं आणि पुढे काहीच नाही. हे काम म्हणजे तिथल्या एसडीआरचं, म्हणजे नवीन गिऱ्हाईक शोधून पहिला फोन करणाऱ्या माणसाचं आठवडाभराचं पगारी काम आहे. उमेदवाराची पारख करायला पाच कंपन्या पुरतात, पन्नास कशाला लागतात? तेव्हा असं सांगितलं तर नम्रपणे म्हणा, सर, मी पाच करून आणतो आणि त्याच का निवडल्या ते समोर बसून सांगतो. ज्याला खरंच तुमचं डोकं बघायचंय तो हो म्हणतो.

आता पैशाचं. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ऑफर येते बारा लाखांची, घरी पेढे वाटले जातात, आणि पहिल्या महिन्याची स्लिप बघून चेहरा पडतो. कारण ते बारा लाख म्हणजे ओटीई, ऑन टार्गेट अर्निंग, टार्गेट पूर्ण झालं तर मिळणारा आकडा. समजा ६०-४० ची विभागणी आहे, तर फिक्स झाले ७ लाख २० हजार, महिन्याला ६० हजार, त्यातून पीएफ आणि टॅक्स जाणार, आणि उरलेले ४ लाख ८० हजार हे तुमच्या विक्रीवर. त्यातही काही कंपन्यांच्या प्लॅनमध्ये अट असते की टार्गेटच्या अमुक टक्क्यांखाली राहिलात तर व्हेरिएबल, म्हणजे हा विक्रीवरचा भाग, शून्य. कुठे कुठे गिऱ्हाइकानं सहा महिन्यांत सॉफ्टवेअर बंद केलं तर दिलेलं कमिशन परत कापून घेतात. हे सगळं ऑफर लेटरमध्ये येतंच असं नाही, वेगळा कमिशन प्लॅन असतो, तो सही करायच्या आधी मागून घ्या. अमेरिकेत कोलोरॅडोनं २०२१ पासून, न्यूयॉर्क शहरानं नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियानं २०२३ पासून जाहिरातीतच पगाराची रेंज द्यायला लावलीय. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणजे विचारायचं काम आपलंच.

आणि वेळ विचारा. यूएस मार्केट म्हटलं की नुसतं 'संध्याकाळची शिफ्ट' सांगतात, पण अमेरिकेतलं नेमकं कुठलं टोक? न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, पण सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात तर साडेदहा. दोन्हींत सगळं आयुष्य बदलतं, लेकरू झोपायच्या आधी भेटतं की नाही इथपर्यंत. आणि बायांनो, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आहे की रात्री साडेनऊनंतर काम करायचं तर तुमची संमती लागते, आणि कंपनीनं सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत गाडी द्यायची असते. त्यामुळे कॅबचं विचारताना संकोच करू नका, आपण काही उपकार मागत नाही.

पण मला एकच प्रश्न निवडायला सांगितला तर मी हा निवडेन, मागच्या वर्षी तुमच्या टीममधल्या किती जणांचं टार्गेट पूर्ण झालं? मी हा पहिल्यांदा विचारला तेव्हा हात गार पडले होते. खराडीच्या त्या मॅनेजरनी आधी 'आमची टीम खूप हंग्री आहे' वगैरे सांगितलं, मी परत विचारलं, तेव्हा म्हणाले, नऊपैकी दोन. दुसऱ्या ठिकाणी फिक्स थोडं कमी होतं, पण तिथल्या बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून अकरा जणांचे आकडेच दाखवले, सात जणांचं झालं होतं. मी तिथे जॉइन झाले.

आता टेबलाच्या पलीकडे मी बसते. मॉक कॉलला मीही खुर्ची फिरवते, आणि कॉल संपला की काय चुकलं ते सांगितल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाही. मागच्या महिन्यात बार्शीची एक मुलगी आली होती, आईच्या साडीच्या दुकानात बसलेली, सॉफ्टवेअर कधी विकलेलं नाही. कॉल सुरू झाला आणि तिचं पहिलंच वाक्य, "मॅडम, आत्ता बिल कशात करता तुम्ही? आणि सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" मी पाठमोरी बसून बोलत राहिले, बोलतच राहिले, आणि तिनं मला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी मी विचारलं तुला काही विचारायचंय का, तर तिनं वही उघडली आणि टार्गेटचा प्रश्न विचारला. मी सांगितलं, बारापैकी आठ. तिनं लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग बाकीच्या चौघांचं का नाही झालं?"

त्यावर आम्ही दोघी पाऊण तास बोललो, चहा दोनदा मागवला.