वळचणीतला निखारा

मंडळी, अमेरिकेतल्या ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानात स्पेरी शॅले नावाची, पाहुण्यांच्या मुक्कामाची दगडी वास्तू आहे. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने ती १९१३ च्या सुमारास बांधली. तिथे आजही गाडीरस्ता नाही. अकरा किलोमीटर वाट आणि हजार मीटर चढ. ३१ ऑगस्ट २०१७ ला वणवा जवळ आला तेव्हा अग्निशमन जवान तिथे हजर होते, पाण्याच्या नळ्या पसरलेल्या होत्या, हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. तरी शॅले जळलं. ज्वाळा येऊन भिडल्याच नाहीत. वळचणीखाली एक निखारा अडकला, आत धुमसला आणि लाकडाचं सगळं पोट पेटलं. उरल्या नुसत्या भिंती.

दुर्गम जागच्या जुन्या वास्तू आगीपासून कशा वाचवायच्या, याचा विचार करताना या घटनेपाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण तिथे माणसं होती, पाणी होतं, आणि तरीही एक फट पुरली. दुर्गम जागी बंब वेळेवर पोचत नाही. पहिला अर्धा तास वास्तूला स्वतःच निभवावा लागतो.

अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी दाखवून दिलं, की झाडांचे शेंडे पेटले तरी तीसएक मीटरपलीकडून त्या धगीने लाकडी भिंत सहसा पेट घेत नाही. घात करतात ते वाऱ्यावर उडून येणारे निखारे. म्हणून मी आधी पैसा मागेन तो झरोक्यांना बसवायच्या तीन मिलिमीटरच्या धातूच्या जाळीसाठी, फटी बुजवण्यासाठी, पन्हळीतला पालापाचोळा काढणाऱ्या माणसासाठी. भिंतीलगतच्या दीड मीटरात जळेल असं काहीच नको. सरपणाची रास फोटोत कितीही शोभली, तरी ती तिथून हलवायचीच.

मग पाणी. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ओल्ड फेथफुल इन या जुन्या हॉटेलच्या लाकडी छपरावर पाणी फवारणारी यंत्रणा १९८७ मध्ये बसवली गेली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरात, वणवा दारात आला. जवानांनी शर्थ केली, वाऱ्याचीही साथ मिळाली. पण ते छप्पर आधीपासून भिजत होतं, हे विसरू नका. वर्षभर उशीर झाला असता तर?

हे पाणी विजेच्या पंपावर सोडू नये, कारण वणव्यात वीज आधी जाते. टाकी उंचावर हवी: दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाएवढा, दाब आपोआप मिळतो. छपरासारखेच इमारतीच्या आतही फवारे हवेत; तिथल्या एका फवाऱ्याला मिनिटाला ऐंशीएक लिटर धरा. चार फवारे, अर्धा तास, म्हणजे दहा हजार लिटरच्या आसपास. छोट्या इमारतीसाठी हे आवाक्यातलं आहे. मात्र हे पाणी राखीवच राहिलं पाहिजे, स्वयंपाकघराच्या नळाला जोडता कामा नये. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे नळांत दाबाची हवा भरून ठेवतात. फवारा उघडला की हवा निघून जाते आणि मागून पाणी येतं.

जुन्या वास्तू जतन करणारे माझे मित्र इथे हरकत घेतात: शंभर वर्षांच्या तुळयांखाली लोखंडी नळ? मला त्यांची तळमळ कळते. नळ तुळईच्या सावलीत नेता येतात, खिळा जुन्याच भोकात बसवता येतो. आणि नळ उद्या काढता येतो. जळालेली तुळई परत येत नाही. सगळे फवारे एकदम सुटून सामान भिजेल, ही भीतीही खरी नाही. प्रत्येक फवाऱ्याची काचेची कुपी आपापल्या जागच्या उष्णतेने, बहुधा ६८ अंशांना फुटते. जिथे आग, तिथेच पाणी.

स्पेरीच्या भिंतींना बर्फ पडायच्या आत लाकडी टेकू दिले गेले. २०१८ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत त्याच भिंतींच्या आत नवं लाकूडकाम झालं आणि २०२० मध्ये पाहुणे परत आले. अशा ठिकाणी हंगाम संपला, की दारं लावून खाली उतरणाऱ्या शेवटच्या माणसाच्या हातात मला किल्ल्यांबरोबर एक शिडीही दिसायला हवी आहे. पन्हळ साफ करून, वळचणीतली जाळी हाताने चाचपून, टाकीची पातळी लिहून ठेवून मगच त्याने उतरावं.