ओल्या भिंतीवरचा एक दिवस

[दृश्य : बादलीतला चुना, थापी, हात]

हा चुना. लोण्यासारखा मऊ, घट्ट, पांढराशुभ्र. कळीचा चुना पाण्यात पडला तेव्हा तो खदखदून उकळला होता. त्यानंतर कित्येक महिने तो पाण्याखाली नुसता मुरत राहिला. जितका मुरेल तितका चांगला. आपल्याकडे जुने वाडे बांधणाऱ्या गवंड्यांनाही हे ठाऊक होतं.

आपण फ्लॉरेन्समध्ये आहोत, आर्नो नदीच्या दक्षिणेला, एका गल्लीतल्या कार्यशाळेत. सकाळचे सात वाजलेत. एका जुन्या भित्तिचित्राची प्रत करणाऱ्या चित्रकार बाईंनी बाह्या वर सारल्यात. समोर लाकडी चौकटीतला एक जड फळा आहे आणि त्यावर चुना-वाळूचा खरबरीत थर. या थराला इटालियन कारागीर ‘आरिच्चो’ म्हणतात. त्यावर गेरूच्या रंगात काही रेषा दिसतायत : वाकलेली मान, पंखांची कड, गुडघ्यावर दुमडलेला झगा.

हा देवदूत कुणाचा, ते आधी पाहू.

[दृश्य : सान मार्को, जिना]

फ्लॉरेन्समधलाच सान मार्कोचा मठ. हा जिना हळूहळू चढायचा. शेवटच्या पायऱ्यांवर आलं की समोरच्या भिंतीवर फ्रा अँजेलिकोचं चित्र उलगडत जातं. मेरीला देवदूत सांगायला आलाय की तिच्या पोटी ख्रिस्त जन्मणार आहे. साध्या कमानी, कुंपणाआडची बाग, साध्या तिवईवर बसलेली मेरी. फ्रा अँजेलिको स्वतः डॉमिनिकन संन्यासी. पंधराव्या शतकात, फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार कोसिमो दे मेदिची याच्या पैशानं हा मठ नव्यानं उभा राहिला, तेव्हा त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संन्याशांच्या खोल्याखोल्यांतून चित्रं रंगवली. या चित्राखाली लॅटिनमध्ये एक सूचना आहे : कुमारी मातेच्या समोरून जाताना ‘आवे’, म्हणजे ‘वंदन’, म्हणायला विसरू नकोस. रोज इथून ये-जा करणाऱ्यांसाठी ती लिहिली होती. हे चित्र भिंतीवरून कधी हलायचं नव्हतंच.

थोडा वेळ नुसतं पाहू या.

[संगीत. निवेदन नाही.]

[दृश्य : कार्यशाळा, थापीचा जवळून शॉट]

आता बारीक वाळू आणि मुरलेला चुना. हा वरचा पातळ थर, ‘इंतोनाको’. नीट बघा, बाईंनी सगळा फळा लिंपलेला नाही. देवदूताचं डोकं आणि खांदा, एवढंच. आज रंगवून होईल तेवढीच भिंत आज ओली करायची. या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. जुन्या भिंतीवर तिरपा उजेड टाकला तर तुकड्यांचे सांधे आजही दिसतात. कुठल्या दिवशी चित्रकारानं काय रंगवलं, कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा, हे त्यावरून ओळखता येतं.

लिंपताना खालच्या गेरूच्या रेषा झाकल्या गेल्या. म्हणून हा टोचलेला कागद. रेषेरेषेवर सुईनं भोकं पाडलीत. कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर हलकेच थोपटायची. कागद उचलला की...

[दृश्य : कागद उचलताना, काळे ठिपके]

...देवदूत आला.

आता रंग. माती आणि दगड कुटून केलेले, फक्त पाण्यात कालवलेले. डिंक नाही, सरस नाही, अंडंही नाही. धरून ठेवायचं काम चुना करतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा दगड होत जातो, आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. यासाठी हातात फार तर सहा-आठ तास असतात.

चेहऱ्याखाली आधी हिरवट छटा. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीनं १४००च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात ही रीत पायरीपायरीनं सांगितली आहे : आधी हिरवी माती, मग गालांना गुलाबी, मग त्वचेच्या तीन छटा, फिकी, मधली, गडद. अवघड गोष्ट वेगळीच आहे. ओला रंग वाळल्यावर फिका पडतो. मूळ चित्र शतकांपूर्वी वाळलेलं, आणि बाईंच्या कुंचल्यातला रंग ओला. म्हणजे डोळ्यांना दिसतो तो रंग लावायचाच नाही. उद्या-परवा तो जसा होईल तसा आज ओळखायचा. म्हणून शेजारी ही वाळलेली कौलं, प्रत्येकावर एकेक छटा लावून पाहिलेली.

अशा कामाला ‘नुसती नक्कल’ म्हणणं मला पटत नाही. ज्यानं हा चेहरा ओल्या चुन्यावर रंगवला, त्यानं मूळ चित्रकाराचा एक दिवस त्याच्याच घाईत काढला आहे.

[दृश्य : जुन्या रंगीत छापांचं पुस्तक, पानं उलटताना]

एकोणिसाव्या शतकात असे हात बरेच होते. लंडनमध्ये १८४८ साली अरुंडेल सोसायटी स्थापन झाली. तिनं इटलीत चित्रकार पाठवून भित्तिचित्रांच्या जलरंगातल्या प्रती करवून घेतल्या आणि त्यांचे रंगीत शिळाछाप सभासदांना दिले. इटली कधीच न पाहिलेल्या घरांत ही चित्रं अशी पोचली. छापावर नाव मूळ चित्रकाराचं. दिवस दिवस शिडीवर उभं राहून प्रत करणारा कुणाला आठवतो?

चेन्निनीचं पुस्तक १८९९ मध्ये इंग्रजीत आणणाऱ्या क्रिस्टियाना हेरिंगहॅम बाईही प्रती करत. ती जुनी कृती त्यांनी स्वतःच्या हातानं करून पाहिली होती. दहा वर्षांनी त्याच बाई आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत अंधारात बसून नकला करत होत्या. सोबत कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार, आणि हैदराबादचे सय्यद अहमद. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत, वाळलेल्या लेपावरची आहेत; पण दिव्याच्या उजेडात रेष शोधणारा डोळा तोच. त्या प्रती १९१५ मध्ये लंडनहून प्रकाशित झाल्या.

[दृश्य : पादुआ, एरेमितानी चर्च, भिंतीवर बसवलेले तुकडे]

आणि हे उत्तर इटलीतलं पादुआ. ११ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पंधराव्या शतकातला चित्रकार मंतेन्या यानं रंगवलेल्या भिंतींचे हजारो तुकडे झाले. आज ते जुन्या कृष्णधवल फोटोंच्या आधारे जुळवले गेलेत.

[दृश्य : कार्यशाळा, दुपार]

साडेतीन वाजलेत. कुंचला आता गिलाव्यावर ओढला जायला लागलाय, म्हणजे भिंत पाणी प्यायची थांबली. खांद्याची शेवटची पट्टी राहिली होती, ती झाली. मूळ चित्रात झालेली पडझड बाईंनी प्रतीत घेतलेली नाही. मला ते बरोबर वाटतं. काळानं केलेली इजा फोटोत आहेच. हातानं करायची ती चित्रकाराची रेष.

आता बाकीचा गिलावा. रंग न लागलेला भाग बाई सुरीनं कापून काढतायत, कड तिरपी ठेवून. उद्याचा ओला थर या कडेला येऊन मिळेल.

उद्या मेरीचे हात.

[दृश्य : दिवा मालवला. भिंत अजून ओली.]