घोळणा फुटला की मान वर नको

वर्गात एखाद्या पोराचा घोळणा फुटला की काय गोंधळ उडतो, हे तुम्हा शिक्षकांना मी सांगायला नको. त्याला बाकावर आडवं करतात, मान मागे टाकायला लावतात, कुणी डोक्यावर पाणी मारतं, कुणी कांदा शोधत धावतं. थोड्या वेळाने पोराला रक्ताची उलटी होते आणि सगळ्यांचे हातपाय गळतात. ते रक्त नाकातलंच असतं. मान मागे टाकल्यामुळे घशातून पोटात उतरलेलं, आणि पोटाला ते सोसत नाही. कांद्याचं म्हणाल, तर तो सापडेपर्यंत रक्त बहुधा आपणहून थांबलेलं असतं.

आता सगळ्यांनी आपलं नाक धरा. वर कडक लागतं ते हाड. तिथे दाबून उपयोग नाही, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच दाबतात. बोटं खाली सरकवा. मऊ भाग आला? तो चिमटीत धरायचा. पोराला बसवून किंचित पुढे वाकवायचं, तोंडाने श्वास घ्यायला लावायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायला सांगायचं. घड्याळ लावून १० मिनिटं. ‘थांबलं का’ म्हणून मध्येच सोडून बघायचं नाही.

मऊ भागच का? नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाशी अनेक रक्तवाहिन्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अमेरिकन सर्जन जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये या जागेचं वर्णन केलं, म्हणून आम्ही डॉक्टर तिला ‘लिटल्स एरिया’ म्हणतो. १०० पैकी सुमारे ९० वेळा रक्त इथूनच येतं. आपण म्हणतो ‘उष्णता झाली’. तेही अगदीच खोटं नाही, फक्त ती उष्णता पोटातली नव्हे, हवेतली! कोरड्या हवेने त्वचा सुकते, खपली धरते, पोरगं बोट घालतं. रात्री व्हॅसलीनचं बोट आतून फिरवलंत तर बराच फरक पडतो.

साठीच्या पुढच्या माणसाचं मात्र वेगळं. त्यांचं रक्त कधीकधी नाकाच्या मागच्या भागातून येतं, तिथे चिमटी पोहोचत नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही, घशातून सारखं उतरत राहिलं, तर सरळ रुग्णालय. आम्ही आधी बीपी, नाडी बघतो आणि गोळ्या विचारतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. हृदयाचं दुखणं परवडणार नाही. मग दुर्बिणीतून जागा शोधायची. दिसली तर सिल्व्हर नायट्रेट या रसायनाने डागायची, नाही तर नाकात पॅक, म्हणजे रक्त दाबून धरणारी पट्टी, घालायचा, आणि तरीही ऐकलं नाही तर दुर्बिणीतूनच मागची रक्तवाहिनी बंद करायची.

तीन गोष्टी मात्र विसरू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून रक्त आणि घाण वास येत असेल, तर आत बी किंवा खडू अडकलाय का बघून घ्या. वयात येणाऱ्या मुलाची एक बाजू बंद राहून वारंवार रक्त जात असेल, तर गाठ असू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. तापात नाकातून रक्त आणि अंगावर लाल ठिपके दिसले तर प्लेटलेट्स तपासायच्या.

मागून एक बाई विचारतायत, कापसाचा बोळा घालू का? नको. काढताना धरलेली खपली निघते आणि पुन्हा पहिल्यापासून १० मिनिटं.