स्कालिओने यांची 'तेहतीस'

(दृश्य : मिलानजवळच्या आरेसे येथील अल्फा रोमिओचे संग्रहालय. लाल गाडीचे दार वर उचलले जाते.)

या गाडीची उंची अवघी 99 सेंटिमीटर आहे, म्हणजे शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या जेमतेम कमरेइतकी. एवढ्या बुटक्या गाडीत शिरायचे तर नेहमीचे दार उपयोगाचे नाही. म्हणून हिचे दार बाजूला न उघडता वर आणि पुढे उचलले जाते, आणि त्याच्याबरोबर थेट छतापर्यंत वळत गेलेली काचही वर जाते. आज अनेक महागड्या गाड्यांची दारे अशी उघडतात. परंतु रस्त्यावर चालवण्यासाठी विकल्या गेलेल्या गाडीला अशी दारे प्रथम लागली ती हिला, 1967 मध्ये. हिचे नाव अल्फा रोमिओ 33 स्त्रादाले, म्हणजे रस्त्यावरची 'तेहतीस'. अशा एकूण 18 चॅसिस, म्हणजे गाडीचे सांगाडे, तयार झाल्या आणि त्यांतल्याही काहींवर पुढे वेगळ्याच बॉडी चढल्या.

(दृश्य : शर्यतीच्या मार्गावरील जुने कृष्णधवल चित्रण.)

या गाडीचा जन्म शर्यतीतून झाला. 1960च्या दशकात कंपनीचे अध्यक्ष जुझेप्पे लुरागी यांनी शर्यतींत पुन्हा पूर्ण ताकदीने उतरायचे ठरवले आणि ती जबाबदारी ऑटोडेल्टा या विभागाकडे, म्हणजेच पूर्वी फेरारीत काम केलेले अभियंते कार्लो किती यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखाली 'टिपो 33' ही शर्यतीची गाडी आकाराला आली. इंग्रजी एच अक्षराच्या आकारात जोडलेल्या जाड नळ्यांचा तिचा सांगाडा होता आणि त्याच नळ्यांच्या पोटात इंधन साठवलेले असे. पहिल्या हंगामात सस्पेन्शनने दगा दिला. पण 1968 मध्ये अमेरिकेतील डेटोना येथील शर्यतीत या गाड्या आपल्या वर्गात पहिल्या आल्या. हीच गाडी मोजक्या ग्राहकांना रस्त्यावर चालवता यावी, असा विचार पुढे आला, तेव्हा तिला नवी बॉडी देण्याचे काम फ्रांको स्कालिओने यांच्यावर सोपवण्यात आले.

(दृश्य : रेखाचित्रे, त्यानंतर तीन 'बाट' गाड्या एका रांगेत.)

या गाडीविषयी बोलताना इंजिनाचे आकडे सांगितले जातात, लिलावातल्या किमती सांगितल्या जातात, आणि स्कालिओने यांचे नाव घाईघाईत एका ओळीत उरकले जाते. आम्हाला ते योग्य वाटत नाही. 1916 साली फ्लोरेन्समध्ये जन्मलेल्या या माणसाने विमानविद्येचे शिक्षण घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात लिबियातील तोब्रुकच्या परिसरात ते ब्रिटिश सैन्याच्या हाती लागले आणि युद्धकैदी म्हणून त्यांची रवानगी भारतात, कांगडा खोऱ्यातील योल येथील छावणीत झाली. धौलाधारच्या पायथ्याशी वसलेल्या त्या छावणीत इटालियन अधिकारी मोठ्या संख्येने होते. 1946च्या अखेरीस स्कालिओने मायदेशी परतले, तेव्हा तिशी गाठलेल्या या माणसाच्या उमेदीची पाच वर्षे तारेच्या कुंपणाआड गेलेली होती.

पुढे बेर्तोने यांच्या गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या कारखान्यात त्यांनी जे काम केले, ते पडद्यावर दिसते आहे. 1953 ते 1955 या काळात बांधलेल्या या तीन 'बाट' गाड्यांचा उद्देश एकच होता : हवेचा विरोध कुठवर कमी करता येतो, हे प्रत्यक्ष पाहणे. मधल्या, म्हणजे 'बाट 7'च्या, मागच्या बाजूचे आत वळलेले पंख पाहा. तिचा हवाविरोधाचा गुणांक 0.19 इतका सांगितला जातो, आणि संगणकाची मदत असूनही आजच्या बहुतेक गाड्या त्याच्या आसपास पोहोचत नाहीत. अल्फा रोमिओला घराघरांत नेणाऱ्या जुलिएत्ता स्प्रिंटच्या रेखाटनाचे श्रेयही बऱ्याच अंशी त्यांचेच आहे. म्हणूनच 'तेहतीस' त्यांच्याकडे आली, त्यामागे योगायोग नव्हता.

(दृश्य : पुढच्या चाकावरचा फुगवटा. कॅमेरा सावकाश मागे सरकतो.)

चाकावरून उचलला गेलेला पत्रा दारापाशी खाली उतरतो, कमरेत आवळला जातो आणि मागच्या चाकावर पुन्हा फुगतो. या संपूर्ण प्रवासात कुठेही सरळ रेघ सापडत नाही. शोभेसाठी लावलेली पट्टी नाही, उगाच काढलेली घडी नाही. जिथे उघड्या जागा आहेत, तिथे हवा आत घेणे किंवा बाहेर सोडणे हेच त्यांचे काम आहे. पहिला नमुना ऑटोडेल्टामध्ये स्कालिओने यांच्या नजरेखाली तयार झाला. पुढच्या गाड्यांचे काम माराझ्झी या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडे गेले, जिथे बंद पडलेल्या तूरिंग कंपनीतले मुरलेले कारागीर होते. ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकायचा, बोटे फिरवून उंचवटा जोखायचा, पुन्हा ठोकायचा, अशा रीतीने प्रत्येक भाग घडत गेला. परिणामी कोणत्याही दोन 'तेहतीस' तंतोतंत सारख्या नाहीत. पहिल्या नमुन्याला पुढे जोडदिवे होते, नंतरच्या गाड्यांना एकेरी दिवे आले. हवेच्या झरोक्यांच्या जागा आणि आकारही गाडीगणिक बदलत गेले. दोन गाड्या शेजारी उभ्या करून त्यांच्या कडा न्याहाळल्या, तर घडवणाऱ्याचा हात वेगळा ओळखू येतो.

(दृश्य : मागचे संपूर्ण आवरण उघडले जाते. इंजिन सुरू होते. निवेदन काही क्षण थांबते.)

इंजिन 1995 सीसीचे, म्हणजे आजच्या मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीइतकेच आहे. पण त्यात आठ सिलिंडर, चार कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे 16 स्पार्क प्लग आहेत. ते 230 अश्वशक्ती देते, तेही मिनिटाला 8800 फेऱ्यांवर. तळाशी तेलाचे भांडे न ठेवता तेल वेगळ्या टाकीत साठवल्यामुळे इंजिन आणखी खाली बसवता आले, आणि गाडीची ही बुटकी ठेवण त्यामुळेच साधली. सहा गिअर आहेत. गाडीचे वजन 700 किलोच्या आसपास असल्याने ती ताशी 260 किलोमीटरपर्यंत पोहोचत असे. शर्यतीच्या गाडीपेक्षा पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 10 सेंटिमीटरने वाढवले होते. रस्त्यावरच्या ग्राहकाला दिलेली सवलत जवळजवळ एवढीच.

किंमत 97 लाख 50 हजार लिरा, म्हणजे त्या काळच्या लॅम्बोर्गिनी मिउराहूनही बरीच जास्त होती. ग्राहक फारसे मिळाले नाहीत आणि उत्पादन लवकरच थांबले. स्कालिओने हळूहळू या व्यवसायातून बाहेर पडले आणि 1993 मध्ये तोस्काना प्रांतातील सुवेरेतो येथे त्यांचे निधन झाले.

(दृश्य : हिरवी, पाचरीच्या आकाराची काराबो, शेजारी इग्वाना.)

उरलेल्या काही चॅसिस बेर्तोने, पिनिनफरीना आणि इटालडिझाइन या स्टुडिओंना मिळाल्या. 1968 मध्ये बेर्तोनेसाठी मार्चेल्लो गांदिनी यांनी साकारलेल्या या काराबोची दारे कात्रीसारखी सरळ वर जातात, आणि तीच रचना पुढे लॅम्बोर्गिनी काउंटाशच्या रूपाने जगभर पोहोचली. 1969ची इग्वाना जॉर्जेत्तो जुजारो यांची. या दोन्ही गाड्यांच्या पत्र्याखाली 'तेहतीस'चाच सांगाडा आहे. मात्र त्यांच्या सरळ रेषा आणि धारदार कोपरे पाहिले, की स्कालिओने यांची गोलाईची भाषा अवघ्या वर्षभरात मागे पडली होती, हे लक्षात येते. अल्फा रोमिओने 2023 मध्ये याच नावाची नवी गाडी जाहीर केली, फक्त 33 नगांची. तिच्या रेखाटनासाठी कंपनीने काराबोकडे किंवा इग्वानाकडे न पाहता, 1967च्या या गोलाईकडेच पाहिले.