छतावरचे पाच दिवस

(पडदा काळा. चटईवरून फिरणाऱ्या झाडूचा आवाज.)

हा झाडूचा आवाज आहे.

आयकिडो या जपानी युद्धकलेवरची फिल्म म्हटल्यावर पहिल्याच क्षणी एखादा माणूस हवेत भिरकावला जाईल अशी तुमची अपेक्षा असेल. तेही दिसेल. पण दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, दिवस झाडूनेच सुरू होतो आणि झाडूनेच संपतो. ज्याचा पट्टा पांढरा तोही झाडतो, ज्याचा काळा तोही.

आपल्याकडे तालमीत नव्या पोराच्या हातात आधी फावडं येतं. माती उकरायची, खडे वेचायचे, हौदा सारखा करायचा, मग जोर-बैठका, आणि कुस्ती त्याच्याही नंतर. त्यामुळे हा झाडू आपल्याला परका वाटू नये.

तालमीला मात्र एक आधार असतो. गावच्या जत्रेत फड लागतो, पोरगा कुस्ती मारतो, तालमीचं नाव होतं, कोणीतरी खुराकाचा खर्च उचलतं. आयकिडोच्या मूळ घराण्यात, आयकिकाईत, सामनेच होत नाहीत. ना पदक, ना करंडक, ना तिकीट काढून आलेली गर्दी. अशी विद्या शिकवणारी संस्था जगते कशावर आणि वाढते कशी, हे विचारत आम्ही मागे मागे जात राहिलो आणि 1956 सालापाशी थांबलो.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी इमारत, उतरतं छप्पर.)

टोकियोच्या आजच्या शिंजुकू भागात वाकामात्सु-चो ही वस्ती आहे. 1931 मध्ये तिथे 80 तातामींचा एक दोजो उभा राहिला. तातामी म्हणजे गवताची जाड चटई, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. अशा 80 चटया मावतील एवढी ती जागा. नाव कोबुकान. सराव इतका कडक की लोक त्याला ‘नरकाचा दोजो’ म्हणत.

दोजो होता मोरिहेई उएशिबा यांचा. जन्म 1883, गाव समुद्राकाठचं तानाबे. तरुणपणी ते काही कुटुंबांना घेऊन उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या थंडीत नवी वस्ती वसवायला गेले होते. तिथेच 1915 मध्ये त्यांना सोकाकु ताकेदा भेटले, आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्‍यू जुजुत्सू, म्हणजे हातघाईची एक जुनी जपानी विद्या, शिकले. पुढे त्या मुळावर त्यांनी आपली स्वतःची विद्या वाढवली. तिला आयकिडो हे नाव 1942 मध्ये मिळालं. त्याच वर्षी उएशिबा टोकियो सोडून इवामा या खेड्यात शेती करायला निघून गेले, आणि दोजोची जबाबदारी मुलावर आली.

मुलाचं नाव किश्शोमारू. वय 21. वासेदा विद्यापीठात शिकत होते.

या माणसाकडे नीट बघा. आयकिडोचा इतिहास सांगताना सगळे वडिलांपाशी थांबतात. पांढरी दाढी, भेदक डोळे, पंचाहत्तरीतही तरण्याताठ्या माणसांना सहज खाली घेणारे हात. त्या तेजापुढे मुलाचं काम झाकोळून जातं. माझ्या मते ही फिल्म मुलाची आहे.

(युद्धकाळातलं टोकियो. जळालेल्या वस्तीचं दृश्य.)

1945 च्या हवाई हल्ल्यांत टोकियो जळत होतं. लाकडाची आणि कागदाची घरं, एक पेटलं की गल्ली पेटायची. वाकामात्सु-चोच्या आजूबाजूला राख झाली. दोजो उरला, कारण किश्शोमारूंनी तो सोडला नाही. आगीशी झुंजून त्यांनी ती लाकडी इमारत वाचवली.

युद्ध संपल्यावर तिथे लगेच सराव सुरू झाला असेल असं वाटतं ना? तिथे माणसं राहायला आली. बॉम्बहल्ल्यात घर गेलेली कुटुंबं त्या 80 चटयांवर संसार थाटून राहिली. ज्या चटईवर माणसं आपटत होती तिथे चुली आल्या, अंथरुणं आली, लहान मुलं रांगली. त्यांना बाहेर काढलं नाही. 1950 चं दशक बरंच पुढे सरकेपर्यंत काही कुटुंबं तिथेच होती. सराव उरलेल्या जागेत.

मला विचाराल तर या संस्थेची पहिली समाजसेवा हीच. तिचं उद्घाटन झालं नाही की फलक लागला नाही. निवारा हवा होता आणि छप्पर शिल्लक होतं, एवढंच.

देशाचा कारभार तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि शाळांमधून युद्धकला शिकवायला बंदी होती. 9 फेब्रुवारी 1948 रोजी आयकिकाईला प्रतिष्ठान म्हणून सरकारी मान्यता मिळाली. कागदावर संस्था उभी राहिली. शिकायला येणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. लोकांना भात मिळायची भ्रांत होती. मनगट कसं सोडवायचं ते शिकायला कोण येणार?

मग किश्शोमारूंनी नोकरी धरली. शेअर आणि रोखे विकणाऱ्या एका कंपनीत. सकाळी वर्ग, दिवसभर कचेरी, संध्याकाळी पुन्हा वर्ग. कित्येक वर्षं हे चाललं. संस्थापकाचा मुलगा, पुढचा वारस, आणि घर चालायचं ते त्याच्या पगारावर. दोजोत पैसा येत नव्हता, तिथे जायचा तो वेळ आणि घाम.

(हिरवीगार शेतं. झाडीत एक छोटं देऊळ. पावलांचा आवाज.)

तिकडे इवामात काय चाललं होतं?

इवामा टोकियोपासून ईशान्येला साधारण शंभर किलोमीटरवर, इबाराकी प्रांतात. उएशिबा तिथे भात पिकवत होते, भाजीपाला लावत होते. त्यांनी तिथे आयकीचं देऊळ बांधलं होतं आणि त्याच्या शेजारी छोटा दोजो. शेती आणि युद्धकला एकच, असं ते मानत. ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. शिष्यांना आधी खुरपं धरावं लागे.

1946 मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा तिथे आला. मोरिहिरो साइतो. त्याला जपानी रेल्वेत नोकरी होती. पाळी अशी की सलग 24 तास काम आणि मग 24 तास मोकळे. त्या मोकळ्या वेळात साइतो इवामाच्या शेतात राबले, आणि राबून झाल्यावर गुरूंकडे शिकले. बाकीचे शिष्य हळूहळू पांगले. कोणाला संसार, कोणाला पोट. रेल्वेच्या पाळीमुळे साइतोंना दिवस मोकळे मिळत, म्हणून कित्येकदा गुरूंबरोबर ते एकटेच असत. लाकडी तलवार आणि काठीचं जे शिक्षण उएशिबांनी त्या वर्षांत घडवलं, ते आज जगभर पोहोचलं आहे त्यात साइतोंचा वाटा फार मोठा. साइतोंच्या पत्नीनेही गुरुपत्नी हात्सु यांची सेवा केली. 1969 मध्ये उएशिबा गेल्यावर तिथला दोजो आणि देऊळ साइतोंनी सांभाळलं, 2002 मध्ये डोळे मिटेपर्यंत.

रेल्वेच्या पाळीचं गणित जुळलं नसतं तर काय हरवलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

(शहराचा गोंगाट. उंच इमारतीची दगडी भिंत, वर वर जाणारा कॅमेरा.)

आता 1956.

टोकियो बदललं होतं. परकीय ताबा 1952 मध्ये संपला होता. दुकानांत माल होता, रस्त्यावर गर्दी. निहोनबाशी भागात ताकाशिमाया हे भलंमोठं दुकान, आणि त्याच्या गच्चीवर लोक मुलाबाळांना घेऊन सहलीला यावं तसे येत. याच गच्चीवर 1950 पासून चार वर्षं थायलंडहून आणलेलं हत्तीचं पिल्लू राहत होतं. ताकाको तिचं नाव. मोठी झाल्यावर तिला प्राणिसंग्रहालयात न्यावं लागलं.

त्या गच्चीवर आयकिडो दाखवायचा, असं ठरलं.

यातलं धाडस कळायला एक गोष्ट माहीत हवी. उएशिबांना जाहीर प्रदर्शनं मुळीच पसंत नव्हती. युद्धापूर्वी त्यांच्याकडे शिकायचं तर कोणाची तरी ओळख लागायची. विद्या दाराआड राहायची. आता तीच विद्या दुकानाच्या गच्चीवर, खरेदीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांपुढे? पण काळ पालटला आहे, दार उघडलं नाही तर आत कोणी येणार नाही, हे किश्शोमारूंना दिसत होतं. वडिलांनी होकार दिला. स्वतःचा स्वभाव बाजूला ठेवून दिलेला तो होकार मला त्यांच्या कोणत्याही फेकीपेक्षा मोठा वाटतो.

प्रदर्शन पाच दिवस चाललं. युद्धानंतरचं आयकिकाईचं हे पहिलं जाहीर प्रदर्शन. पाहुण्यांत परदेशी वकिलातींतले लोकही होते.

आणखी एक गोष्ट किश्शोमारूंनी या काळात बदलली. पूर्वी प्रदर्शन म्हणजे एकटे उएशिबा. त्यांनी करून दाखवायचं, बाकीच्यांनी त्यांच्या हातून पडायचं. आता शिक्षक आणि विद्यार्थीही पुढे येऊन करून दाखवू लागले. बघणाऱ्याला त्यातून कळलं की यासाठी अवतारी पुरुष असावं लागत नाही. शेजारच्या माणसालाही हे येऊ शकतं.

(दोन माणसं. एक मनगट धरतो, दुसरा वळतो, पहिला गोल फिरून जमिनीवर. पुन्हा. पुन्हा. संथ गतीने.)

इथे थोडं थांबून हे पाहू.

जो पडतो त्याला उके म्हणतात. त्याच्या पडण्याला उकेमी. तो हल्ला करतो, मनापासून करतो, आणि मग आपलं शरीर जोडीदाराच्या हवाली करतो. पाठ गोल, हनुवटी छातीकडे, आणि पडण्याचा वेग लोळण्यात जिरवायचा. दोन वेळा उजवीकडून, दोन वेळा डावीकडून, आणि मग पाळी बदलते. आता ज्याने पाडलं तो पडणार.

म्हणजे तासभराच्या सरावात अर्धा वेळ तुम्ही दुसऱ्याला शिकता यावं म्हणून पडत असता. तुमचं अंग हेच त्याचं पुस्तक. आणि तुमची पाळी आली की तो तेच तुम्हाला परत करतो. या विद्येत स्वयंसेवा बाहेरून आणून जोडावी लागत नाही, ती पहिल्या पडण्यातच असते. दोजोसाठी नोकरी करणारा मुलगा, रेल्वेच्या सुट्टीत शेत नांगरणारा शिष्य, हे मला त्याच पडण्याचे मोठे आकार वाटतात.

त्याच काळात वाकामात्सु-चोत आंद्रे नोके राहत होते. फ्रान्समध्ये ज्युडो शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. 1955 मध्ये ते जपानला आले आणि दोजोतच राहून शिकणारे शिष्य झाले, तिथले पहिले परदेशी. भाषा येत नाही, जेवण वेगळं, थंडी वेगळी. तरी दोन वर्षं राहिले, आणि मायदेशी परतून शिकवू लागले. उएशिबांचे शिष्य कोइची तोहेई त्याच्याही आधी, 1953 मध्ये, हवाई बेटांवर गेले होते. नावागावाची ओळख नसलेल्या विद्येसाठी त्यांनी तिथे माणसं गोळा केली. हवाईत इतकं काम उभं राहिलं की 1961 मध्ये सत्याहत्तर वर्षांचे उएशिबा स्वतः समुद्र ओलांडून तिकडे गेले.

टोकियोतल्या विद्यापीठांत क्लब निघाले. तिथली मुलं नोकरीच्या निमित्ताने गावोगाव गेली आणि जिथे गेली तिथे शाळेचं सभागृह, पोलिसांची व्यायामशाळा, मिळेल ती जागा धरून बसली. 1976 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. आज सुमारे 140 देशांत आयकिडो शिकवला जातो. आपल्या मुंबई-पुण्यातही शाळा सुटल्यावर बाकं भिंतीला सरकवून गाद्या अंथरल्या जातात. त्या अंथरणारे बहुतेक दिवसभर दुसरीच नोकरी करणारे असतात.

(ऋतू बदलताना. बर्फ, चेरीची फुलं, पाऊस, लाल पानं.)

या लोकांचं वर्ष असं जातं. जानेवारीत कागामी-बिराकी, नव्या वर्षाचा सोहळा, आणि मग कानगेइको, ऐन थंडीतला सराव. 29 एप्रिलला इवामात आयकी देवळाचा वार्षिक उत्सव. देशभरातून लोक येतात, झाडीत बसून खातात-पितात. मे महिन्यात टोकियोच्या बुदोकान या मोठ्या सभागृहात देशाचं मोठं प्रदर्शन, तिथे पांढऱ्या पट्ट्याची मुलंसुद्धा उतरतात. जुलैत उकाड्यातला सराव. 31 डिसेंबरच्या रात्री जुनं वर्ष संपून नवं लागेपर्यंत चटईवर सराव. यातल्या प्रत्येक दिवसामागे कोणीतरी चटया वाहिलेल्या असतात, खुर्च्या मांडलेल्या असतात, चहाची भांडी विसळलेली असतात. त्यांचे फोटो आम्हाला मिळाले नाहीत. फोटो काढणाराही बहुधा त्यांच्यातलाच एक, आणि भांडी विसळताना कोणी कोणाचा फोटो काढत नाही.

(तीच गल्ली. आता काँक्रीटची इमारत. पहाट.)

आगीतून वाचवलेली ती लाकडी इमारत 1967 मध्ये पाडली आणि त्याच जागी काँक्रीटची नवी उभी केली. मोरिहेई उएशिबांनी ती पाहिली. 26 एप्रिल 1969 रोजी ते गेले. किश्शोमारूंनी त्यानंतर तीस वर्षं संस्था चालवली. आता त्यांचे चिरंजीव मोरितेरू चालवतात.

पहिला वर्ग सकाळी साडेसहाला सुरू होतो. येणाऱ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, निवृत्त माणसं आहेत, सुट्टी काढून लांबून आलेले परदेशी आहेत. तासभर ते एकमेकांसाठी पडतात. साडेसातला गुडघ्यांवर बसून नमस्कार होतो.

मग कपाटातून झाडू निघतात. चटई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडली जाते. कोणी तरी घड्याळाकडे बघतं, घाईघाईने कपडे बदलतं, गळ्यात टाय अडकवतं आणि सात-पन्नासच्या गाडीसाठी स्टेशनकडे पळतं.

(झाडूचा आवाज चालू राहतो. पडदा काळा.)