भिंत गुण्यात नसते तेव्हा

मंडळी, जुन्या धाटणीच्या स्वयंपाकघरात दगडाचा ओटा बसवायचा म्हटलं की पहिली चर्चा रंगावर होते. पांढरा संगमरवर घ्यायचा की काळा ग्रॅनाइट, शिरा बारीक हव्यात की ठसठशीत. त्याकडे येऊच, पण मी सुरुवात गुण्यापासून, म्हणजे कोपऱ्यांच्या काटकोनापासून करणार आहे. गेली 22 वर्षं मी अशी स्वयंपाकघरं नव्याने उभी करते आहे आणि आजवर एकाही जुन्या घरात मला चारही कोपरे काटकोनात सापडलेले नाहीत. भिंतीला पोट आलेलं असतं, जमीन एका बाजूला उतरलेली असते, गिलाव्यावर गिलावा चढलेला असतो. सुतार अशा भिंतीशी जुळवून घेतो, कारण लाकडाला जागेवर रंधा मारता येतो. दगडाच्या बाबतीत तो मार्ग जवळपास बंद. कापून आलेली शिळा एक तर बसते, नाही तर बसत नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. ‘जुन्या पद्धतीचं स्वयंपाकघर’ म्हणून आज जे डोळ्यांसमोर येतं, त्यातला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा सलग दगडी ओटा मुळात तेवढा जुना नाही. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या घरांमध्ये बरंचसं काम मधोमध ठेवलेल्या लाकडी टेबलावर चालायचं. दगड असायचा, पण मोजक्या जागी. कोठीच्या खोलीत गारवा राहावा म्हणून स्लेटच्या फळ्या, पीठ लाटायला संगमरवराचा एखादा तुकडा, काही ठिकाणी भांडी घासायला शंखजिऱ्याच्या दगडाचं सिंक. 1926 मध्ये ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. भिंतीतली कपाटं आणि हाताच्या अंतरावर सगळं काम, ही आजची मांडणी तिथून रुळत गेली. चकचकीत ग्रॅनाइटची घराघरांतली लाट तर 1980च्या दशकानंतरची.

म्हणून माझा आग्रह असतो, दगड कमी वापरा. सिंकच्या दोन्ही बाजूंना आणि शेगडीच्या शेजारी दगड, बाकी लाकूड. खोली लगेच खरी वाटायला लागते. आणि आरशासारखं पॉलिश नको. होन केलेला, म्हणजे घासून मऊ पण मंद ठेवलेला पृष्ठभाग हवा. खिडकीतून येणारा उजेड त्यावर पसरतो, डोळ्यांत घुसत नाही.

संगमरवराबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा तिथेच पदरी पडते. इटलीतल्या कॅरारातून रोमन काळापासून निघणारा तो पांढरा दगड म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबाचा रस सांडला की आम्लाची कार्बोनेटवर क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि दगडाचा अगदी पातळ थर विरघळतो. मागे उरतो एक फिका चट्टा. लोक त्याला डाग म्हणतात, पण तो डाग नव्हे. डाग दगडाच्या आत शिरतो, इथे पृष्ठभागच गेलेला असतो. म्हणून सीलर लावूनही तो टळत नाही. सीलर तेल-पाणी मुरायला वेळ लावतो, आम्लाला अडवत नाही. विकताना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतं, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

मी घरमालकांना नमुन्याचा तुकडा घरी न्यायला लावते. त्यावर अर्धं लिंबू पालथं ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जे दिसेल ते पाहून ज्यांच्या पोटात कालवतं त्यांनी संगमरवर घेऊ नये. ज्यांना त्यात वापरत्या घराची खूण दिसते त्यांनी खुशाल घ्यावा. होन केलेल्या पृष्ठभागावर असे चट्टे हळूहळू एकमेकांत मिसळून जातात.

शंखजिऱ्याचा दगड आम्लाला दाद देत नाही, म्हणूनच जुन्या प्रयोगशाळांतली टेबलं त्याची असत. तो मऊ आहे, ओरखडे पडतात, पण सँडपेपरने हातानेच घासून काढता येतात. मिनरल ऑइल चोळलं की राखाडीचा काळसर होतो. ग्रॅनाइट बिनघोर आहे यात शंका नाही, फक्त त्याचे ठळक ठिपके जुन्या खोलीत उपरे वाटतात. स्लेट चांगली, थर सुटणारी तेवढी नको.

आता मापं. मापं घ्यायची ती कपाटं कायमची ठोकून झाल्यावर, एक दिवसही आधी नाही. कपाटांचे माथे पाणसळीत हवेत. 3 मीटर लांबीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार मी चालवून घेत नाही. दगड दाब भरपूर सोसतो, ताण सोसत नाही, त्यामुळे खाली पोकळी राहिली की कधी ना कधी तिथे चीर जाते. कोपरा तपासायला जुनीच रीत पुरते. एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, तिरकं अंतर 5 फूट भरलं तर कोपरा गुण्यात. एका घरात ते 5 फूट अर्धा इंच भरलं. म्हणजे कोन साधारण एका अंशाने उघडा. ऐकायला काहीच नाही, पण 60 सेंटिमीटर रुंदीच्या ओट्याच्या कडेला त्याची 10 मिलिमीटरची फट होते. त्या फटीत बोट जातं.

म्हणून नुसते आकडे लिहून कापायला पाठवण्यावर माझा विश्वास नाही. प्लायच्या पातळ पट्ट्या भिंतीच्या वळणाप्रमाणे जागेवरच एकमेकींना चिकटवायच्या आणि पूर्ण साचा उचलून न्यायचा. लेझरने माप घेतात तेही उत्तम असतं. मला साचा आवडतो, कारण त्यावर पेन्सिलने लिहिता येतं. इथे सांधा, ही कड गोल, इथे भिंतीला पोट. पोट फारच असेल तर दगड कोरत बसू नका. गिलाव्यात ओट्याच्या उंचीवर खाच घ्या आणि शिळा तिच्यात सरकवा. वर दगडाची उभी पट्टी आली की खाच झाकली जाते. हे गवंड्याचं काम आहे, दगड येण्याच्या आदल्या आठवड्यात उरकायचं.

सिंकच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती सांगते. भाजलेल्या मातीचं जाड पांढरं सिंक बसवायचं होतं, पुढचा भाग उघडा दिसणारं. ते यायला उशीर होता, म्हणून मी कॅटलॉगमधल्या मापावर साचा पूर्ण केला. ही सिंकं भट्टीत भाजताना आकसतात, दोन नग तंतोतंत सारखे निघतीलच असं नाही. आमचं सिंक 9 मिलिमीटरने अरुंद निघालं. दगडाची कड सिंकच्या काठावर यायला हवी, ती एका बाजूला बाहेरच राहिली आणि सांडलेलं पाणी थेट कपाटात जाऊ लागलं. शिळा बदलावी लागली. पैशांचं दुःख होतंच, पण त्या शिळेत एक राखाडी शीर होती, सिंकच्या मागून तिरकी खिडकीकडे जाणारी. घरातल्या बाईंनी अख्खी दुपार घालवून ती निवडली होती. तशी शीर पुन्हा मिळाली नाही. तेव्हापासून प्रत्यक्ष सिंक जागेवर बसल्याशिवाय मी साच्याला हात लावत नाही.

सिंकसाठी दगडात घेतलेल्या कापाचे आतले कोपरेही टोकदार ठेवू नका. ताण नेमका तिथे गोळा होतो. आधी गोल भोक, मग त्याला मिळणारे दोन काप.

बसवण्याच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष वजनाकडे असतं, आणि ते योग्यच आहे. 2.4 मीटर लांब, 62 सेंटिमीटर रुंद, 3 सेंटिमीटर जाड शिळा साधारण 120 किलो भरते. ती उभी धरूनच न्यायची. आडवी धरली की सगळा वाक 3 सेंटिमीटर जाडीवर येतो, उभी धरली की 62 सेंटिमीटर रुंदी तो पेलते. सिंकच्या मागे उरणारी पट्टी जेमतेम चार बोटांची असते, तिला लाकडी फळी शिकंज्याने आवळून आणायची. आधी कोरडी मांडून पाहायची, पाणसळ लावायची, मग सिलिकॉनचे ठिपके देऊन टेकवायची. सांध्यात दगडाच्या रंगाचं इपॉक्सी भरायचं. भांडी धुण्याच्या यंत्राच्या वर सांधा नको, तिथे खाली आधारही कमी आणि वाफही येते.

शिळा कधी कधी दोन मिलिमीटरने अडते. मग कोणीतरी ग्राइंडर काढतो आणि खोलीतच कोरडा काप मारायला निघतो. हे कृपा करून होऊ देऊ नका. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. क्वार्ट्झ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात तर ती कित्येकदा 90 टक्क्यांच्या वर असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात जाऊन रुततात आणि सिलिकोसिस होतो. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. कापणाऱ्या कामगारांत, त्यातल्या तरुण मुलांत, हा आजार इतका आढळला की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली. काप बाहेर उघड्यावर, पाणी सोडून, चांगला मास्क लावूनच. त्याने एक दिवस वाढला तर वाढू द्या. तो माणूस तुमच्या घरी काम करायला आलेला आहे.

हा तुकडा मी आज मुद्दाम आणला आहे, रांगेतून पुढे पाठवा. कडेच्या खालच्या बाजूने बोट फिरवा, एक बारीक खाच लागेल. ओटा पुसताना पाणी कडेवरून खाली उतरतं आणि दगडाच्या पोटाला धरून आत कपाटाकडे जातं. या खाचेपाशी त्याची धार तुटते आणि थेंब सरळ जमिनीवर पडतो. कापायला देतानाच सांगितली तर होते, नंतर कोणी करून देत नाही. आणि डाव्या कोपऱ्यातला तो गोल चट्टा लिंबाचा आहे, रविवारी रात्री ठेवलेल्या. त्यावरूनही बोट फिरवा, जरा खरखरीत लागेल.