मदतीचा ट्रक कुठे थांबतो?

श्रोतेहो, नमस्कार.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त केली, तेव्हा सोलापुरातून निघालेल्या मदतीच्या एका ट्रकवर मीही होतो. आमच्या चादरी उपयोगी पडल्या, कारण माणसे पावसात उघड्यावर होती. पण चादरींखालची जुन्या कपड्यांची गाठोडी सोडली, तेव्हा जन्मभर नऊवारी लुगडे नेसलेल्या एका आजींच्या हातात आम्ही झिरझिरीत पाचवारी साडी ठेवली. घडी न मोडताच त्यांनी ती परत दिली आणि विचारले, "बाबा, पानी भराया घागर हाय का?" घागर आमच्याकडे नव्हती. शिवाय ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबला होता आणि चिखलाच्या वाटेने आत असलेल्या वस्तीला काहीच मिळाले नाही, हे आमच्या ध्यानात आले ते परतताना.

मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही आंतरराष्ट्रीय मदतकार्याची चार तत्त्वे मी पुढे वाचली, तेव्हा तो ट्रक मला आठवला. यांपैकी पहिली तीन संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 1991 च्या ठरावात नोंदवली आणि चौथ्याची भर 2004 मध्ये पडली. मूळ मात्र 1859 च्या, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या रणांगणात आहे. तिथल्या हजारो जखमींचे हाल पाहून हेन्री ड्युनांट हा स्विस व्यापारी जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांसोबत शुश्रूषेला लागला आणि त्या बायका, जखमी कोणत्या सैन्यातला हे न पाहता, "सारे भाऊच आहेत" असे म्हणत पाणी पाजत राहिल्या. त्यातूनच 1863 मध्ये रेडक्रॉसचा पाया घातला गेला.

निःपक्षपात म्हणजे सर्वांना सारखे वाटप, असा आपला समज असतो. वास्तविक ज्याची गरज अधिक निकडीची, त्याच्याकडे आधी जायचे, हा त्याचा अर्थ आहे. आणि ट्रकभोवती गर्दी करण्याचे बळ ज्याच्यात उरले आहे, तोच सर्वांत गरजू असेल असे नाही. गरज नजरेच्या अंदाजाने ठरू नये म्हणून मदतसंस्थांनी किमान मानकेही ठरवली आहेत : माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, आणि पाण्याची जागा घरापासून 500 मीटरच्या आत. आजींनी मागितलेली घागर या हिशेबात अगदी वर येते.

तटस्थतेबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. अन्याय दिसत असताना गप्प बसणे म्हणजे भ्याडपणा, असे अनेकांना वाटते आणि त्यांची तळमळ मी समजू शकतो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. आक्रमण झालेल्या देशाच्या बाजूने उभे राहून केलेली ती सेवा होती. तिला तटस्थ म्हणता येणार नाही आणि त्यामुळे तिचे मोल तसूभरही कमी होत नाही. मात्र ज्या मदतपथकाला दोन्ही सैन्यांच्या चौक्या ओलांडून मध्ये अडकलेल्या लेकराबाळांपर्यंत औषध न्यायचे आहे, त्याच्यावर दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांचा विश्वास असावा लागतो. तो गेला की रस्ता बंद होतो आणि हाल होतात ते आतल्यांचे. स्वातंत्र्याचे तत्त्वही याला लागूनच आहे : मदत कुठे जाईल हे पैसा पुरवणाऱ्या सरकारच्या राजकीय वा लष्करी सोयीवर ठरता कामा नये.

रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी 1994 मध्ये एक दहा कलमी आचारसंहिता केली. जिथून देणगी आली त्यांना जसा हिशेब द्यायचा, तसाच तो ज्यांना मदत दिली त्यांनाही द्यायचा, असे तिच्यात म्हटले आहे. आणि प्रसिद्धीसाठी आपत्तीग्रस्तांना केविलवाणे करून दाखवू नये, त्यांचा मान राखावा, असेही. धान्याची पिशवी छातीशी धरायला लावून फोटो काढून घेणाऱ्यांनी हे शेवटचे कलम जरूर वाचावे.

किल्लारीच्या बाजूला आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी ट्रक भरण्यापूर्वी दोघे जण मोटारसायकलवरून आतल्या वस्तीत जाऊन आले होते, आणि काय हवे याची यादी तिथल्या बायकांनी सांगितली होती. घागरी, कंदील, काड्यापेट्या आणि नऊवारी लुगडी. आजींनी मात्र आधी घागर उचलली, तिच्या बुडावर बोटाने टिचकी मारून पाहिली, आणि मग लुगड्याकडे वळल्या.